ताण चढला की मनाचं काय करायचं? सीमाभागातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लोक मनाच्या ताणाबद्दल बोलायला बसले की काही प्रश्न हमखास निघतात. ते इथे एकत्र केलेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही, आपला प्रश्न दिसला तिथून सुरुवात करा. एक सांगून ठेवतो: यात 'सकारात्मक विचार करा' हा सल्ला कुठेही नाही. घरात पाणी शिरलेल्या माणसाला तो देणं मला चेष्टा वाटते.

राग आला की तोंडाला येईल ते बोलून जातो आणि मग पस्तावतो. राग येणंच थांबवता येतं का?

राग येणं थांबत नाही, पण तो तोंडातून बाहेर पडणं थांबवता येतं. अपमान झाला किंवा धोका वाटला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग, आपला विचार पुरा व्हायच्या आतच, शरीराला तयार करतो. अॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, जबडा आवळला जातो, आवाज आपोआप चढतो. ही पळायची नाहीतर भिडायची तयारी असते. बैल अंगावर आला तर ती जीव वाचवते. नाडकचेरीच्या (महसूल कार्यालयाच्या) खिडकीवर 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असं ऐकल्यावर मात्र तिचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याच वेळी तोलूनमापून विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मागे पडलेला असतो.

म्हणून आधी अंग शांत करायचं, मग डोकं चालवायचं, आणि तोंड सगळ्यात शेवटी उघडायचं. आपण नेमकं उलटं करतो.

राग चढतोय याची पहिली खूण अंगावर दिसते. कुणाचे कान तापतात, कुणी चपलेनं जमीन घासायला लागतो, कुणाचा आवाज एकदम बारीक आणि गोड होतो (हा प्रकार सगळ्यात वाईट). आपली खूण कोणती, ते शांत असताना घरात विचारा. बायकोला किंवा आईला ती आपल्या आधी कळलेली असते.

पण तिथल्या तिथे काय करायचं? कचेरीत डोळे मिटून ध्यान लावणार काय ओ!

डोळे मिटायची गरजच नाही. श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजा आणि सोडताना सहापर्यंत. सोडणं लांब हवं, कारण श्वास सोडताना नाडी मंदावते आणि शरीराला 'धोका टळला' असा निरोप जातो. मिनिटभर केलंत तरी फरक पडतो, आणि शेजारच्यालाही कळत नाही. 'खोल श्वास घ्या' असं सगळे सांगतात, पण नुसताच जोरजोरात श्वास ओढत राहिलं तर उलट गरगरायला लागतं.

जोडीला पायाची बोटं चपलेत घट्ट रोवा आणि सोडा. जवळ नळ असेल तर तोंडावर गार पाणी मारा. मग मनातल्या मनात भावनेचं नाव घ्या: 'मला राग आलाय' एवढं पुरत नाही, 'चार माणसांत मला वेड्यात काढलं, त्याची लाज वाटतेय' असं नेमकं म्हणा. कॅलिफोर्नियात मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ साली मेंदूच्या स्कॅनवरून दाखवलं, की भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची धावपळ कमी होते. अशा वेळी जी भाषा आतून येते तीच वापरायची.

आता खिडकीकडे वळा. उताऱ्यावर वडिलांचं नाव चुकलंय, तिसरी खेप आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची चळत आहे. शांत झालात म्हणून नाव दुरुस्त होत नाही! शांत व्हायचं ते यासाठी, की योग्य प्रश्न सुचावेत: 'साहेब, उद्या कुणाला भेटू? किती वाजता? आज अर्ज दिल्याची पोच मिळेल काय?' पोचेचा शिक्का बसलेला कागद हातात आला की निम्मा ताण तिथेच उतरतो. अर्ज कन्नडमध्ये लिहिता येत नाही म्हणून अडला असाल तर हेही माहीत असू द्या, की राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठी त्यात आली. हे भांडून सांगू नका, निवेदनातच एका ओळीत लिहा.

मनातलं सगळं ओकून टाकलं की मोकळं वाटतं म्हणतात. खरं आहे का?

अर्धंच. विश्वासातल्या माणसाजवळ बोलून मन हलकं होतं, यात शंका नाही. पण ओरडून, आदळआपट करून, उशीला बुक्के मारून राग 'निघून जातो' ही समजूत प्रयोगांत टिकली नाही. असं केल्यावर माणसं जास्तच चिडलेली आढळली. सरावानं राग पक्का होतो.

दाबून टाकणंही चालत नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर सगळ्यांच्या डोक्यात अस्वलच. कुणाशी बोलायची सोय नसेल तर कागद घ्या, पंधरा-वीस मिनिटं न थांबता लिहा, शुद्धलेखन बघू नका. तीन-चार दिवस ओळीनं लिहिलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. कागद नंतर चुलीत घाला, हवं तर ठेवा.

२०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं होतं. आता जुलैत पाऊस लागला की रात्री झोपच लागत नाही. हा आजार आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी फुगल्या. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगा थेट महामार्गावर आली. ज्यानं अंधारात दावणीची जनावरं सोडून दिलीत आणि त्यांचं हंबरणं ऐकत ट्रॅक्टरवर बसून गाव सोडलंय, त्याच्या शरीरानं पत्र्यावरच्या पावसाचा आवाज आणि धोका यांची गाठ मारून ठेवली आहे. ती गाठ खोटी नाही. फक्त आता साध्या सरीलाही ती आवळते.

अशा वेळी मनाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या हाती काम द्यावं. मे महिन्यातच एक पिशवी भरून ठेवा: उतारे, आधार, रेशन कार्ड, पासबुक, जनावरांच्या विम्याचे कागद, नेहमीच्या गोळ्या, चार्जर. आणि घर कधी सोडायचं तेही कोरड्या दिवसात ठरवून टाका. 'पाणी मारुतीच्या पायरीला लागलं की म्हातारी माणसं आणि जनावरं मामांच्या गावी' असं एकदा ठरलं, की रात्री दोन वाजता 'जाऊया की थांबूया' हा घोर उरत नाही. भीती सगळ्यात जास्त वाढते ती या अनिश्चिततेवर.

दुसरा त्रास मोबाइलचा. काळम्मावाडी धरणातून पाणी सोडलं, राजापूर बंधाऱ्यावर इतके क्युसेक, अमुक पूल गेला... ग्रुपवर दर पाच मिनिटाला काहीतरी येतं, आणि त्यातला एखादा फोटो मागच्या पुरातला निघतो. घरातल्या एकानंच सकाळ-संध्याकाळ अधिकृत माहिती बघावी आणि बाकीच्यांना सांगावी. रात्रभर ज्यानं त्यानं स्क्रीन बघत बसण्यात राखण काहीच होत नाही.

लहान मुलं पुरानंतर अंथरुण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत, खेळातही 'पाणी आलं, पळा' करतात. रागावू नका, खेळू द्या. 'आता कधीच पाणी येणार नाही' असं खोटंही सांगू नका. 'आलं तर आपण सगळे मिळून मामाकडे जायचं' हे उत्तर त्यांना पुरतं.

मात्र पूर ओसरून महिना उलटला तरी तीच दृश्यं दिवसाढवळ्या डोळ्यांसमोर येत असतील, नदीकाठचं शेत टाळलं जात असेल, माणूस बारीक आवाजालाही दचकत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. यावर चांगले उपचार आहेत.

उसाचं बिल थकलंय आणि फायनान्सवाल्यांचे फोन चालू आहेत. फोन वाजला तरी हातपाय कापतात.

इथे श्वासाचे व्यायाम सांगून थांबलो तर तो लबाडपणा होईल. हा ताण निम्मा मनाचा आणि निम्मा आकड्यांचा आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी हात घालायला हवा.

आकड्यांची बाजू आधी. एका कागदावर चार रकाने आखा: कुणाचं कर्ज, किती बाकी, हप्ता किती, तारीख कोणती. सोसायटी, बँक, महिला गटाचं कर्ज, सोनाराकडचं गहाण, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने, सगळं त्यात आलं पाहिजे. लिहिताना पोटात गोळा येईल. लिहून झाल्यावर बहुतेकांना जाणवतं, की डोक्यात फिरणारा आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा भयंकर होता. आणि तो खरोखरच मोठा असेल, तरी निदान आता त्यावर कुणाशी बोलता येतं.

मग नियम. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचे नाहीत, धमकी किंवा शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना छळायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत आहे. सक्तीच्या वसुलीला आळा घालायला कर्नाटक सरकारनं २०२५ मध्ये आधी अध्यादेश काढला, मग कायदाही केला. कोण आलं, किती वाजता, काय बोललं याची वहीत नोंद ठेवा आणि त्रास झाला तर पोलीस ठाण्यात जा. यानं कायदेशीर कर्ज माफ होत नाही, दारातला तमाशा थांबतो.

मनाची बाजू अशी: काळजीला दिवसातली ठरावीक वेळ द्या. संध्याकाळी सहा ते साडेसहा, कागद समोर घेऊन. रात्री काळजी आली तर उशाजवळच्या वहीत एक शब्द लिहायचा आणि 'उद्या सहाला' म्हणायचं. आठवडाभर हे हास्यास्पद वाटेल, तरी करा.

आणि घरात सांगा. नवरा बायकोपासून लपवतो, बायको गटाचा हप्ता नवऱ्यापासून लपवते, आणि दोघंही एकाच पलंगावर जागी! मी पाहिलेल्या घरांत कर्जापेक्षा या लपवाछपवीनं जास्त माणसं खचली.

१ नोव्हेंबरचा काळा दिवस आला, बेळगावातलं विधिमंडळाचं अधिवेशन आलं, की वातावरण तापतं. आमची मुलं मोबाइल बघून पेटून उठतात. त्यांना गप्प बसवायचं का?

१९५६ पासूनचं सीमाप्रश्नाचं दुखणं 'सोडून दे रे' म्हणून सुटत नाही. ज्या घरात आजोबा सत्याग्रहात होते तिथे तर नाहीच. हा राग म्हणजे आजार नाही, आणि मुलाला तसं भासवलं तर तो तुमच्याशी बोलणंच बंद करेल.

पण प्रश्न तापत ठेवणं आणि स्वतः तापत राहणं, यात फरक आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आपल्या गतीनं चालणार, रात्री एक वाजता फेसबुकवर कुणाशी भांडून त्याची तारीख लवकर लागत नाही. मुलाला विचारा: 'या रागाचं तू आज काय करणार आहेस?' वाचनालयात काम, मराठी शाळेची पटसंख्या, मोर्चात शिस्तीनं चालणं, एखादं निवेदन लिहिणं, यातलं काहीही चालेल. हाताला काम मिळालं की रागाचा निखारा होतो, नाहीतर वणवा.

व्हिडिओ पुढे पाठवायच्या आधी दहा मिनिटं थांबायचं, एवढा एकच नियम घरात लावा. बसला काळं फासलं, पाटी फोडली, कुणाला मारलं, अशा क्लिपा जुन्याही असतात, अर्धवटही. आणि ज्याच्यावर गुन्हा नोंद होतो तो वीस वर्षांचा पोरगा असतो. पुढे भरती आणि पासपोर्टच्या वेळी तोच एकटा अडतो.

अजून एक. आपल्या कितीतरी घरांत कानडी सुना आहेत, दुकानात कानडी भागीदार आहेत, गल्लीत दोन्ही भाषा चालतात. तापलेल्या दिवसांत या माणसांना स्वतःहून फोन करावा. 'काय करूलास, चहाला ये' एवढंही पुष्कळ होतं.

मुलगा सैन्यभरतीत नापास झालाय. बोलत नाही, जेवत नाही. काय म्हणावं त्याला?

पहिले दोन-तीन दिवस फारसं काही म्हणू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, तिथल्या पोराला भरती म्हणजे नुसती नोकरी नसते. पहाटे चारला उठून रस्त्यावर धावणं, तालमीतल्या मुलांची सोबत, गावानं आधीच लावलेली 'फौजी' ही हाक, हे सगळं एका दिवसात गेलेलं असतं. त्याला दुःख होणारच.

'शेजारचा बघ, झाला की' हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. 'तुझ्या नशिबात नव्हतं' हेही नको. 'वाईट वाटतंय, मलाही वाटलं. ताट वाढलंय, बसूया' एवढं पुरे. वडिलांना हे शब्द जड जातात, त्यांनी त्याला गाडीवर मागे बसवून शेताकडे न्यावं. शेजारी बसून, समोर न बघता, बाप्ये जास्त बोलतात. धावणं बंद पडू देऊ नका, कारण व्यायामानं उदासी खरोखर कमी होते. वय संपायला किती दिवस आहेत, दुसऱ्या वाटा कोणत्या, हे हिशेब आठवड्यानं. पीयुसी (बारावी) किंवा नीटच्या निकालालाही हेच लागू.

दोन पेग घेतले की डोकं शांत होतं. त्यात वाईट काय?

तासभर होतं. मग झोप मोडते, पहाटे तीनला जाग येते आणि सकाळी काळजी दुप्पट होऊन बसलेली असते. शिवाय आधीच राग किंवा निराशा असेल तर दारूनं हात आवरत नाही.

भजन, हरिपाठ, प्राणायाम यांचा उपयोग होतो का? की सगळ्याला गोळ्याच?

होतो. अभंग म्हणताना श्वास लांब सुटतो, टाळाच्या ठेक्यात शरीर स्थिर होतं आणि चार माणसांत बसायला मिळतं. एकटेपणावर याहून स्वस्त औषध मला माहीत नाही. 'बाहेरचं लागलंय' म्हणून कुणी देवऋष्याकडे जात असेल तर त्यावरून घरात युद्ध पेटवू नका, 'तिकडेही जाऊ, डॉक्टरांकडेही जाऊ' म्हणा. मारहाण, उपाशी ठेवणं, साखळीनं बांधणं हे मात्र एक क्षणही चालू देऊ नका.

अचानक छातीत धडधड, घाम, आता मरतो असं वाटतं. हे टेन्शनच ना?

असेलही, पण ते आपण ठरवायचं नाही. पहिल्यांदा झालं असेल तर सरळ दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. हृदय ठीक निघालं आणि तरीही असे झटके येत असतील, तर तो पॅनिक अॅटॅक असू शकतो. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो. त्यानं जीव जात नाही, एवढं ठाऊक असणं हाच निम्मा उपचार.

भाऊ 'आता जगण्यात काय राम नाही' म्हणतोय. विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात विचार घातल्यासारखं होईल ना?

नाही होणार. स्पष्ट विचारा: 'दादा, जीव द्यायचा विचार येतो काय?' विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस बोलतो. ऐकताना उपदेश करू नका, पोराबाळांची शपथ घालू नका. त्याला एकटं सोडू नका.

घरातलं आणि गोठ्यातलं कीटकनाशक त्याच दिवशी उचला, शेजारच्या घरात कुलपात ठेवा, किल्ली तिसऱ्याकडे द्या. असा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, त्या वेळात हाताशी साधन नसणं जीव वाचवतं. श्रीलंकेत सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. आणि पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला कचरू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

डॉक्टरांकडे नेमकं कधी जायचं, आणि कुठे? माझं कन्नड यथातथाच आहे.

दोन आठवडे सलग उदास वाटतंय, झोप-भूक गेली, कामात हात चालत नाही, तर जायचं. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालयात सोय आहे. तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते आशाताईंना विचारा. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था बेळगावहून दीड-दोन तासांवर आहे. आपल्याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या प्रयोगावरूनच १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा या वाटेनं तुमच्या आधी पुष्कळ माणसं गेली आहेत.

बेळगावात मराठी समजणारे डॉक्टर शोधावे लागत नाहीत. धारवाडला जाणार असाल तर काय होतं, कधीपासून होतं, झोप किती, घरात आधी कुणाला त्रास होता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे घरीच लिहून काढा आणि दोन्ही भाषा येणारा माणूस सोबत न्या. तो माणूस शक्यतो सासरचा किंवा भाऊबंदकीतला नको, त्याच्यासमोर खरं बोलवत नाही. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मधेच बंद करू नका, आणि मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आपल्या मनानं आणू नका.

आमच्या गल्लीतल्या युवक मंडळाला यात काही करता येईल का?

पुष्कळ. गणपतीच्या मांडवात वर्गणीदारांच्या यादीशेजारी १४४१६ चा फलक लावा. एकटे राहणारे म्हातारे, नवऱ्यामागे घर चालवणाऱ्या विडी कामगार बायका, नुकतं पीक गेलेले शेतकरी, यांची यादी करून घरं वाटून घ्या आणि आठवड्यातून एकदा डोकावा. संकटात सापडलेल्याकडे गेलात तर आधी काय लागतंय ते बघा, मग ऐका, मग योग्य माणसाशी गाठ घालून द्या. सल्ले देऊ नका आणि फोटो काढू नका. कन्नड चांगलं लिहिणारी दोन पोरं-पोरी रविवारी सकाळी देवळात बसवा, पंचनाम्याचे, नुकसानभरपाईचे, बँकेचे अर्ज भरून द्यायला. कागद पुढे सरकवून गप्प बसलेला माणूस अर्ज भरून होईतो बोलायला लागतो. तेव्हा घाई करू नका, मागच्याला जरा थांबायला सांगा.